बाजारभाव, हवामान आणि आपली वही : सारे एकाच तक्त्यात

(पुणे येथे शेतकऱ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आकाशवाणीवरचे बाजारभाव ऐकून वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवणारी मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत. एका रकान्यात भाव, शेजारी टेम्पोचे भाडे, खाली वजाबाकी. ही पद्धत उत्तम होती. तीच वही संगणकावर किंवा मोबाईलवर कशी तयार करावयाची, एवढाच आजचा विषय आहे.

आपणास लागणारी माहिती आज वेबसाईटवर भरपूर मिळते, परंतु ती विखुरलेली असते. राज्यातील बाजार समित्यांचे रोजचे भाव येथे गुलटेकडीस कार्यालय असलेल्या कृषि पणन मंडळाच्या साईटवर मिळतात. देशभरचे भाव ॲगमार्कनेटवर, म्हणजे २००० साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या साईटवर असतात. हवामान खात्याचा कृषि हवामान विभाग १९३२ पासून पुण्यातच आहे, आणि खात्याचा जिल्हावार कृषि सल्ला पाच दिवसांच्या अंदाजासह दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. परंतु आपली चाळ बाजारापासून किती लांब, गाडीला भाडे किती, कांदा कोणत्या प्रतीचा, हे यांपैकी एकाही साईटला ठाऊक नाही. ते आपल्यालाच ठाऊक असते. म्हणून जोडणी आपणच करावयाची.

हे काम साईट चालविणाऱ्यानेच केले पाहिजे असे नाही. अमेरिकेत २००५ साली पॉल रेडमाकर या संगणक जाणकाराने एका साईटवरील भाड्याच्या घरांच्या जाहिराती दुसऱ्या साईटच्या नकाशावर आणून बसविल्या. दोन्ही साईट दुसऱ्यांच्या होत्या, उपयोग मात्र घर शोधणाऱ्यांना झाला. त्याच सुमारास ब्राउझरमध्ये छोटी जोड बसवून एखादे पान आपल्या सोयीप्रमाणे बदलून पाहण्याची साधने आली. नको ते रकाने लपवावेत, हवा तो रकाना जोडावा. बदल फक्त आपल्या पडद्यावर होतो, मूळ साईटला धक्का लागत नाही. आता तक्त्याच्या रूपाने हेच काम करण्याचे प्रयोग झाले आहेत, आणि तक्ता तर आपल्या ओळखीचा आहे.

प्रत्यक्ष काम असे करावे. संगणकावर गुगल शीट किंवा एक्सेल उघडावे. पणन मंडळाच्या साईटवर शेतमाल निवडला की बाजार समिती, जात-प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर व सर्वसाधारण दर असे रकाने दिसतात. हा तक्ता माऊसने निवडून, नक्कल करून आपल्या शीटमध्ये चिकटविला तर रकाने बहुधा जसेच्या तसे बसतात. गुगल शीटमध्ये पानावरचा तक्ता आपोआप ओढून आणणारे इम्पोर्टएचटीएमएल नावाचे सूत्र आहे. परंतु शेतमाल निवडल्यानंतरच जो तक्ता दिसतो, तो या सूत्राच्या हाती सहसा लागत नाही. तेथे नक्कल करून चिकटविणेच बरे. केंद्र शासनाच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या साईटवर भाव फाईलच्या स्वरूपातही मिळतात.

नंतर शीटच्या दुसऱ्या पानावर आपली माहिती भरावी : बाजाराचे नाव, क्विंटलमागे भाडे, हमाली, तोलाई, बारदान. हे आकडे अंदाजाने लिहू नयेत. मागील हंगामातील पट्ट्या काढून त्यावरूनच घ्यावेत. फळे-भाजीपाल्याची अडत २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यावयाची आहे, तेव्हा जुन्या पट्टीतील अडत आजच्या हिशेबात धरू नये. दोन्ही पाने बाजाराच्या नावावरून व्हीलुकअप या सूत्राने जोडता येतात.

उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आळेफाट्यास सर्वसाधारण दर १,६०० रुपये आणि पुण्यास १,७५० रुपये आहे. पुण्याचा भाव दीडशेने चढा, म्हणून गाडी पुण्यास न्यावी असे वाटते. परंतु आपला खर्च आळेफाट्यास क्विंटलमागे ४५ रुपये आणि पुण्यास २३० रुपये येत असेल, तर हाती १,५५५ आणि १,५२० रुपये पडतात. पन्नास क्विंटलच्या गाडीला पुण्यास गेल्याने १,७५० रुपये कमी मिळाले. पुण्याचा दर १,८५० झाला की चित्र उलटते. हा निर्णय दर खेपेस नव्याने घ्यावा लागतो, आणि म्हणूनच तक्ता हवा. त्यातच पावसाचा एक रकाना ठेवावा. शुक्रवारच्या अंदाजात पाऊस असेल तर उघड्यावर भरलेल्या गाडीचा हिशेब निराळा होतो.

आता जेथे फसगत होते ते सांगतो. पणन मंडळाच्या यादीत पुणे, पुणे-पिंपरी, पुणे-मोशी अशी नावे स्वतंत्र असतात. सूत्राला अक्षर न् अक्षर जुळावे लागते. एक जागा जास्त सुटली तरी ओळ रिकामी येते, किंवा भलत्याच बाजाराचा भाव येतो. कांद्याची प्रत कोठे लोकल, कोठे लाल, तर कोठे उन्हाळी लिहिलेली असते, त्यांची आपसात तुलना करू नये. पालेभाज्यांचे तर विचारूच नका. कोथिंबीर एका बाजारात नगावर, दुसऱ्यात क्विंटलवर. परिमाणाचा रकाना न पाहता दोन्ही आकडे शेजारी ठेवणे म्हणजे जुडी आणि पोते एकाच काट्यावर घालणे होय. जास्तीत जास्त दरावर भाळू नये, तो एखाद्या निवडक वक्कलाचाही असू शकतो. सर्वसाधारण दर घ्यावा आणि शेजारी आवक पाहावी. पानावरची तारीखही पाहावी. काही समित्यांच्या नोंदी उशिरा येतात, आणि कालचा भाव आजचा समजून गाडी भरली जाते.

ब्राउझरची जोड अनोळखी माणसाने पाठविली असेल तर बसवू नये. अशा जोडीला आपण उघडलेली पाने वाचता येतात, बँकेचे पानसुद्धा. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, तेथे तर ती नकोच. साईटवरून माहिती दिवसातून एकदा घेतली तरी पुरे, मिनिटामिनिटाला मागून तिच्यावर ताण आणू नये.

साईटने पानाची रचना बदलली की आपले सूत्र बंद पडते. हे वर्षातून एखाददुसऱ्या वेळी होणारच असे धरून चालावे. अनेक साईटची माहिती एकत्र जोडून देणारी याहू पाईप्स ही सेवा २००७ साली निघाली व २०१५ साली बंदही झाली. याकरिता सूत्राने आणलेले भाव दर आठवड्यास निराळ्या पानावर केवळ आकडे म्हणून चिकटवून ठेवावेत. आरंभी एक पीक आणि तीनच बाजार घ्यावेत. माल विकल्यानंतर पट्टीवरील प्रत्यक्ष दर तक्त्यातील दराशेजारी लिहीत जावा. चार-सहा खेपांत कोणत्या बाजारात आपल्या मालाला सर्वसाधारण दरापेक्षा किती कमी-जास्त मिळते ते दिसू लागेल. तो फरक पुढील हिशेबात आपल्या रकान्यात घालावा.