उतरत्या वयाचा चढता पगार



आपण क्रिकेटवाली माणसं. खेळाडूचा करार म्हटला की आपल्याला फार लांबचं दिसत नाही. क्रिकेट मंडळाचा करार वर्षाचा असतो. आयपीएलमध्ये दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि डाव नव्यानं मांडला जातो. अमेरिकेतल्या बेसबॉलची तऱ्हा मात्र निराळी आहे. तिथे दहा, बारा, अगदी पंधरा वर्षांचे करार होतात. आणि एकदा सही झाली, की खेळाडूचा सूर हरपो, गुडघा जावो, नाहीतर क्लबनं त्याला घरी पाठवो, ठरलेले पैसे द्यावेच लागतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये कराराची बरीचशी रक्कम कागदावरच राहू शकते. बेसबॉलमध्ये ती हातात पडते.

असे करार शहाणपणाचे की धोक्याचे? आज मी तुम्हाला एकाच माणसाच्या दोन करारांबद्दल सांगणार आहे, कारण या प्रश्नाचं उत्तर त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे.

माणसाचं नाव आल्बर्ट पुहोल्स. जन्म १९८०चा, डॉमिनिकन रिपब्लिकमधला. २००१ साली तो सेंट लुइस कार्डिनल्सकडून खेळू लागला. २००४च्या फेब्रुवारीत, वयाच्या चोविसाव्या वर्षी, क्लबनं त्याच्याशी सात वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार केला. वर आठव्या वर्षीही त्याला ठेवून घेण्याचा हक्क स्वतःकडे राखला. त्या आठ वर्षांत पुहोल्स तीनदा, म्हणजे २००५, २००८ आणि २००९ साली, बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगांपैकी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कार्डिनल्सनी २००६ आणि २०११ साली वर्ल्ड सिरीज जिंकली. २०११च्या त्या अंतिम मालिकेत तर पठ्ठ्यानं एकाच सामन्यात तीन होम रन, म्हणजे आपल्या भाषेत षटकार, मारले. एवढं सगळं मिळालं म्हटल्यावर क्लबला तो करार स्वस्तातच पडला.

आता दुसरा करार. २०११चा मोसम संपल्यावर पुहोल्स मोकळा झाला आणि डिसेंबरात लॉस एंजेलिस एंजल्सनी त्याला उचललं. मुदत दहा वर्षं, रक्कम २४ कोटी डॉलर. महिन्याभरात त्याला बत्तिसावं संपणार होतं, म्हणजे करार पुरा होताना तो एक्केचाळीस वर्षांचा असणार होता.

या कराराची गंमत त्याच्या हप्त्यांमध्ये आहे. पहिल्या वर्षी १ कोटी २० लाख डॉलर, दुसऱ्या वर्षी १ कोटी ६० लाख, तिसऱ्या वर्षी २ कोटी ३० लाख. तिथून दर वर्षी दहा-दहा लाखांनी चढत शेवटच्या, दहाव्या वर्षी ३ कोटी. शरीर उतरणीला लागलेलं आणि पगार मात्र चढणीला.

बेसबॉलमध्ये वय इतकं का बोचतं? पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उभा असतो बॅटरपासून सुमारे अठरा मीटरवर. चेंडू येतो ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि तो टप्पा घेत नाही. पोहोचायला लागतो सेकंदाचा चार-दशांश भाग, आणि तेवढ्यातच चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि बॅट फिरवायची. इथे डोळा आणि मनगट यांच्यात निमिषभर उशीर झाला, तरी काल प्रेक्षकांत जाणारा चेंडू आज क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो. बिल जेम्स या अभ्यासकानं १९८०च्या दशकातच आकडे मांडून दाखवलं होतं, की बॅटरचा ऐन बहर साधारण सत्ताविसाव्या वर्षी असतो, तिशीनंतर नव्हे. पुहोल्सचा दुसरा करार सुरू झाला तेव्हा तो बहर पाच वर्षं मागे पडला होता.

मग तळपाय दुखू लागले. २०१३च्या जुलैमध्ये डाव्या तळपायातला स्नायुबंध अर्धवट फाटला आणि ९९ सामन्यांवर त्याचा मोसम आटोपला. त्या वर्षी त्याला मिळाले १ कोटी ६० लाख डॉलर. त्याच संघात, त्याच वर्षी, माइक ट्राउट नावाचा एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा अमेरिकन लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत दुसरा आला. त्याचा पगार होता ५ लाख १० हजार डॉलर. त्याचे असे तीस पगार एका पारड्यात घातले तरी पुहोल्सचं पारडं खालीच.

हा अन्याय अपघातानं झालेला नाही, तो व्यवस्थेतच आहे. बेसबॉलमध्ये पूर्वी खेळाडू क्लबला जन्माचा बांधलेला असे. १९६९ साली कर्ट फ्लड या खेळाडूची त्याला न विचारता फिलाडेल्फियाला रवानगी झाली. त्यानं जायला नकार दिला, खटला लढवला, आणि १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला. शेवटी १९७५ साली लवाद पीटर साइट्झ यांच्या निकालानं दोन पिचरांना मोकळीक मिळाली आणि जुनी वेठ मोडली. त्यानंतर तडजोड झाली ती अशी: सहा वर्षांची सेवा झाल्यावर खेळाडू मोकळा. त्यातली पहिली काही वर्षं किमान वेतनाच्या आसपास, पुढची लवादाच्या मदतीनं थोडी वर. म्हणजे खेळाडूला बाजारभाव मिळतो तो सत्ताविसाव्या, अठ्ठाविसाव्या, कधी तिसाव्या वर्षी. तारुण्याची मेहनत एका क्लबनं स्वस्तात घेतलेली असते. तिची किंमत चुकवतो दुसराच क्लब, आणि तीही उतरत्या वयात. तेव्हा एखाद्या पस्तिशीच्या खेळाडूचा पगार ऐकून त्याला हावरट ठरवायची घाई करू नका. तो बऱ्याच अंशी मागची थकबाकी वसूल करत असतो.

पण मग क्लब दहा वर्षांचं का कबूल करतात? त्यांच्याकडे हिशोबनीस नाहीत का? आहेत, आणि चांगले आहेत. बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण पगारावर पक्की कमाल मर्यादा नाही. ठरावीक आकडा ओलांडला तर कर भरावा लागतो, एवढंच. हा कर मोजताना कराराची सरासरी धरतात. २४ कोटी डॉलर सहा वर्षांत दिले तर वर्षाला ४ कोटी धरले जातात, आणि दहा वर्षांत दिले तर २ कोटी ४० लाख. म्हणून पुष्कळदा पाच-सहा चांगल्या वर्षांचा मोबदला दहा वर्षांवर पसरलेला असतो. शेवटची वर्षं वाया जाणार हे सही करतानाच ठाऊक असतं. शिवाय चार क्लब मागे लागले की सर्वांत आशावादी क्लबच बाजी मारतो, आणि सर्वांत आशावादी म्हणजे सर्वांत बरोबर असं काही नसतं.

आणखी एक कारण आहे, ते माणसांचं. सही करणारे साहेब करार संपेपर्यंत खुर्चीवर असतातच असं नाही. पुहोल्सचा करार झाला तेव्हा एंजल्सचे जनरल मॅनेजर होते जेरी डिपोटो. २०१५च्या जुलैत त्यांनी राजीनामा दिला. कराराचे सहा मोसम अजून बाकी होते. डिपोटो गेले सिॲटल मरिनर्सकडे, आणि तिथे त्यांच्या पदरात काय पडलं? आधीच्या मंडळींनी रॉबिन्सन कानोशी केलेला करार, तोही दहा वर्षांचा, तोही २४ कोटींचा! २०१८च्या डिसेंबरात एक अव्वल तरुण पिचर सोबत जोडून, वर दोन कोटी डॉलर देऊन त्यांनी तो न्यूयॉर्क मेट्सच्या गळ्यात घातला. पुहोल्सचं ओझं मात्र एंजल्सकडे त्यांच्यामागून आलेल्यांनी वाहिलं.

हे पैशाचं झालं. माझ्या मते मोठं नुकसान वेगळंच आहे. असा करार पगाराबरोबर माणसाची जागाही पक्की करून टाकतो. २०१७ साली पुहोल्सनं १०१ धावा आणल्या. आकडा भारदस्त आहे. पण तो मधल्या फळीत खेळे, त्याच्या पुढे ट्राउटसारखे खेळाडू बेसवर पोहोचलेले असत, म्हणून त्या धावा झाल्या. पळणं, क्षेत्ररक्षण, बाद होण्याचं प्रमाण असं सगळं धरून मोल काढलं, तर बदली म्हणून सहज मिळणाऱ्या साध्या खेळाडूपेक्षाही तो त्या वर्षी खाली होता. तरी तो खेळत राहिला. अडीच कोटीवाल्याला बाकावर बसवणार कोण? त्याच्या दहा वर्षांत एंजल्स एकदाच, २०१४ साली, बाद फेरीत पोहोचले आणि कॅन्सस सिटीकडून ओळीनं तीन सामने हरले. इकडे पुहोल्स गेल्यामुळे नियमानुसार नव्या खेळाडूंच्या निवडीतली एंजल्सची पाळी कार्डिनल्सना मिळाली होती. त्या पाळीवर त्यांनी मायकल वाका हा तरुण पिचर घेतला. २०१३ साली कार्डिनल्स वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले, आणि त्याआधीच्या मालिकेत सर्वोत्तम ठरला तो वाकाच.

पुहोल्स एकटा नाही. डेट्रॉइटनं मिगेल काब्रेराला वयाच्या तिसाव्या वर्षी आठ जादा वर्षांचे २४ कोटी ८० लाख देऊ केले. पहिल्या वर्षी, २०१६ साली, त्यानं ३८ होम रन मारले. पुढच्या सात मोसमांत एकदाही त्याला १६च्या पुढे जाता आलं नाही. बाल्टिमोरच्या ख्रिस डेव्हिसची गत आणखी वाईट. ५३ होम रनचा मोसम नावावर असलेला हा गडी, सात वर्षांच्या करारात असताना ओळीनं ५४ वेळा एकही हिट न मारता परतला. निवृत्त झाला २०२१ साली, आणि त्याचे हप्ते चालतील २०३७पर्यंत.

उलट उदाहरणंही आहेत, ती झाकून ठेवायचं कारण नाही. वॉशिंग्टन नॅशनल्सनी मॅक्स शेर्झरला तिसाव्या वर्षी सात वर्षांसाठी २१ कोटी दिले. त्यानं दोनदा सर्वोत्तम पिचरचा सन्मान मिळवला आणि २०१९ साली क्लबनं वर्ल्ड सिरीज जिंकली. तो पैसा वसूल झाला. पण सात वर्षं म्हणजे दहा नव्हेत, हेही ध्यानात घ्या.

आता पुहोल्सकडे परत येऊ, कारण त्याच्या उत्तरार्धातला धडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. २०२१च्या मे महिन्यात एंजल्सनी त्याला मोकळं केलं. ३ कोटींच्या वर्षातला बहुतेक पैसा त्यांनी तो घरी गेला तरी भरलाच. लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला किमान वेतनावर घेतलं आणि मुख्यतः डावखुऱ्या पिचरांसमोर, गरजेपुरतं खेळवलं. पुढच्या वर्षी कार्डिनल्सनी २५ लाख डॉलरवर एका वर्षासाठी परत बोलावलं. त्याच वर्षी नॅशनल लीगमध्येही फक्त बॅटिंग करणाऱ्या खेळाडूची जागा आली होती, त्यामुळे त्याला क्षेत्ररक्षणाला उभं करायची सक्ती उरली नव्हती. बेचाळीस वर्षांच्या पुहोल्सनं २४ होम रन मारले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी कारकिर्दीतला सातशेवा मारला. बॉन्ड्स, ॲरन आणि बेब रूथ यांच्यानंतर तो चौथाच.

यावरून काय दिसतं? वय झालेला खेळाडू निरुपयोगी नव्हता. त्याला दहा वर्षांपूर्वी ठरवून दिलेलं काम निरुपयोगी झालं होतं. काम वयाच्या मापाचं झालं आणि माणूस पुन्हा उपयोगी पडला.

सध्या आकडे आणखी फुगलेत. शोहेई ओहतानीचा डॉजर्सशी करार ७० कोटींचा आहे, त्यातले ६८ कोटी खेळण्याची दहा वर्षं सरल्यावर, २०३४पासून मिळायचे आहेत. मेट्सनी हुआन सोटोला पंधरा वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख कबूल केले आहेत. पाच वर्षांनी सोटोला बाहेर पडायचा मार्ग खुला आहे. तो अडवायचा तर मेट्सना उरलेल्या दहा वर्षांसाठी वर्षाला ४० लाख वाढवावे लागतील. मेट्सना असा मार्ग नाही. सोटो सव्विसाव्या वर्षी आला आणि करार संपेल तेव्हा चाळिशीचा असेल. पुहोल्सचा पहिला करार आणि दुसरा करार, दोन्ही इथे एकाच कागदात आले आहेत.

म्हणून मेट्सच्या चाहत्यांनी या कराराचा हिशोब शेवटच्या वर्षावरून करू नये. पहिल्या सात-आठ वर्षांत संघ काय जिंकतो ते बघावं. आणि क्लबच्या चालकांनी एक गोष्ट आजच ठरवून ठेवावी: सोटो पस्तिशीचा झाला की त्याला कुठे, कधी आणि किती खेळवायचं. पगार कमी करणं त्यांच्या हातात नसेल, पण काम बदलणं त्यांच्याच हातात असेल.