तिसरं व्हायोलिन

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. पाणी, पार्किंग आणि पुनर्विकास हे तीन विषय सोडून काहीही बोला, असं सांगितलं आहे. तेव्हा मी ऑर्केस्ट्रात कसा शिरलो ते सांगतो.

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर गणपतीतला कार्यक्रम येतो. निवेदकाचे विनोद, किशोरकुमारची गाणी म्हणणारा एकजण, मागे बोंगो आणि अकॉर्डियन, आणि बारा वाजत आले तरी न संपणाऱ्या फर्माइशी. मी गेलो तो तसला नव्हे. तिथे गाणारं कुणी नव्हतं. वीसेक माणसं, सगळी हौशी, सगळी तंतुवाद्यं. समोर स्टँडवर कागद आणि मध्ये हात हलवणारे आमचे सर.

मी २०११ साली निवृत्त झालो. त्याच वर्षी चार हजारांचं एक व्हायोलिन घेतलं आणि शिकवणी लावली. सर मूळचे गोव्याचे, एकेकाळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवलेले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि नोटेशन शिकवत. तिथून मुंबईत आलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा केला, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या गाण्यात अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो, ते या गुरूंचं. आमचे सरही त्याच परंपरेतले. व्हायोलिनच्या चार तारांना ते जी, डी, ए, ई असं न म्हणता सोल, रे, ला, मी म्हणतात.

पहिली दोन वर्षं मी कसा वाजवत होतो ते इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी सोसलेलं आहे. पहिल्याच आठवड्यात पंपाचं बेअरिंग गेलं असं समजून वॉचमन टाकीपाशी जाऊन आला होता. मग शेजारून लेखी तक्रार आली. तक्रार रास्त होती. त्यांचा मुलगा रात्रपाळी करून दिवसा झोपायचा. कमिटीने रीतसर ठराव करून मला सकाळी अकरा ते बारा सोसायटीचं ऑफिस वापरायला दिलं. तो ठराव इतिवृत्तात आहे. त्याबद्दल मी आजवर जाहीर आभार मानले नव्हते, ते आज मानतो.

पाच वर्षं झाली तेव्हा सर म्हणाले, "काका, एकट्याने घरी वाजवून आता पुढे जाणार नाही. रविवारी ग्रुपमध्ये येऊन बसा." तालीम माहीमला एका शाळेच्या हॉलमध्ये असे. मी ठाण्याहून लोकलने गेलो. वय वर्षं सहासष्ट, मांडीवर व्हायोलिनची पेटी, आणि पोटात असा गोळा की १९७३ साली बँकेच्या इंटरव्ह्यूलाही आला नव्हता.

आत गेलो तर सगळे सूर जुळवत होते. एकाने 'ला' दिला आणि सगळ्यांनी आपापली तार त्याला मिळवायला सुरुवात केली. मंडळी, त्या आवाजाचं वर्णन मला करता येणार नाही. वीस वाद्यं आधी वेगवेगळी कुरकुरतात आणि हळूहळू एक होतात. तेवढ्यासाठी मी आजही अर्धा तास आधी जाऊन बसतो.

मला तिसऱ्या व्हायोलिनमध्ये, अगदी शेवटच्या स्टँडवर बसवलं. एका स्टँडवर दोघं. माझ्या शेजारी नववीतली मुलगी. तिने पहिल्या पाच मिनिटांत मला तीन गोष्टी सांगितल्या. अंकल, पेन नाही, पेन्सिल आणायची. अंकल, तुम्ही आतल्या बाजूला बसलात, पान तुम्ही उलटायचं. आणि अंकल, तुमचा बो उलटा जातोय. तो खरंच उलटा जात होता. सगळ्यांचे गज खाली येताना माझा एकट्याचा वर. ऑफिस सुटायच्या वेळी ठाणे स्टेशनचा जिना उतरणाऱ्या गर्दीतून वर चढणाऱ्यासारखा. ज्या माणसाच्या सहीशिवाय शाखेत एक ड्राफ्ट बाहेर जात नव्हता, त्याला नववीतली मुलगी दुरुस्त करत होती, आणि तिचं बरोबर होतं.

बसवायला घेतलेली रचना पाखेलबेल या जर्मन संगीतकाराची 'कॅनन'. हा १६५३ ते १७०६ या काळातला, म्हणजे शिवाजी महाराज आणि औरंगजेब यांचा समकालीन. रचनेची गंमत अशी की व्हायोलिनच्या तिन्ही गटांना एकच चाल असते. फक्त एकामागून एक यायचं. खाली चेलो आठच सूर वाजवतो, तेच आठ, अठ्ठावीस वेळा. त्यावर आधी पहिली व्हायोलिनं येतात, दोन बारनंतर दुसरी, आणखी दोन बारनंतर तिसरी. म्हणजे तिसऱ्यांनी सुरुवातीचे सहा बार, चोवीस मात्रा, गप्प बसून मोजायचं.

तुम्ही म्हणाल, अडतीस वर्षं बँकेत नोटा मोजल्या, चोवीसपर्यंत मोजणं काय अवघड? करून बघा. शेजारी वीसजण वाजवत असताना माझा आकडा अकरा-बाराच्या आसपास हरवायचा. कधी मी वीसला घुसायचो, कधी अठ्ठाविसाला. शांततेत एकटंच व्हायोलिन किंचाळायचं, आणि सगळ्या माना मागे वळायच्या.

दुसरी अडचण मधल्या वेगवान जागेची. चाल सगळ्यांना एकच, त्यामुळे तिसऱ्यांना म्हणून काही सोपं नाही. माझी बोटं तिथे पोचतच नव्हती. चौथ्या रविवारी सरांनी माझ्या कागदावर पेन्सिलने खुणा केल्या. प्रत्येक मात्रेचा पहिला सूर तेवढा वाजवायचा, बाकीचे सोडायचे. बोलले अगदी हळू, पण शेजारच्या मुलीने ऐकलं. परतीच्या गाडीत मी ठरवून टाकलं, बस झालं. या वयात कुणाच्या दयेवर बसायचं नाही.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, बँकेत लागलात तेव्हा पहिल्या दिवशी तुम्हाला काय काम दिलं होतं?"

म्हटलं, "इनवर्ड रजिस्टर लिहायचं."

"मग?" एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

थोड्या वेळाने मी रेकॉर्डिंग लावून पुन्हा चोवीस मोजत बसलो होतो. ती भजनी मंडळात पेटी वाजवते, हे तुम्हाला माहीत आहेच. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती ऐकत होती. म्हणाली, "चोवीस कशाला मोजता? हे आठचं आवर्तन आहे, आपल्या भजनी ठेक्यासारखं. तीन आवर्तनं झाली की समेला या." मी कागदाकडे पाहत होतो, ती चेलोकडे ऐकत होती. पाच वर्षं नोटेशन शिकलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं! पुढच्या रविवारी मी बरोबर जागेवर आलो. शेजारच्या मुलीने मान हलवली. अडतीस वर्षांत मिळालेल्या कुठल्याही प्रमोशनचा मला इतका आनंद झाला नसेल.

डिसेंबरात त्याच हॉलमध्ये कार्यक्रम झाला. सुरुवात ठीक झाली. मग पान उलटायची वेळ आली. ते काम माझं. घामेजल्या बोटांना दोन पानं एकदम चिकटली आणि मी दोन्ही उलटली. मुलगी वाजवता वाजवता पुटपुटली, "मागे, अंकल, मागे." मी पान परत आणलं, तिला जागा सापडली, मला नाही.

बँकेत जुन्या काळी, कॉम्प्युटर नव्हते तेव्हा, हिशेब जुळेपर्यंत घरी जायचं नाही अशी शिस्त होती. एकदा सत्तावीस रुपयांच्या फरकासाठी आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो होतो. फरकाला नऊने भाग जात होता, म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल. शेवटी सापडलं, एकेचाळीसच्या जागी चौदा लिहिले होते. चूक सापडेपर्यंत मागे मागे जायचं, ही सवय माझ्या हाडात मुरलेली. स्टेजवरही मी तेच करत होतो. गेलेले सूर कागदावर शोधत होतो, आणि इकडे ऑर्केस्ट्रा पुढे निघून गेला होता. तिथे खातं उघडं ठेवून कुणी थांबत नाही.

मी गज तारेवरून उचलला. किती वेळ, ते सांगता येत नाही. मला तो दिवसभराचा वाटला. मग चेलोचे आठ सूर ऐकू आले. पण हे आवर्तन कितवं? ते कसं कळणार? तेव्हा डोक्यात उजेड पडला, की तिघांची चाल एकच आहे. दुसरी व्हायोलिनं आत्ता जे वाजवताहेत तेच मला पुढच्या आवर्तनात वाजवायचं आहे! मी कागद सोडला आणि त्यांच्याकडे कान दिला. चाल ओळखीची निघाली. ते आवर्तन जाऊ दिलं आणि समेला आत शिरलो. नंतर सरांना विचारलं, लक्षात आलं का? ते म्हणाले, "काका, तुम्ही थांबलात ते कळलं नाही. थांबला नसतात तर कळलं असतं."

त्याला आता आठ वर्षं झाली. मी अजून तिसऱ्या व्हायोलिनमध्येच आहे. वेगवान जागेतले निम्मे सूर आता वाजतात, निम्मे सोडतो. ती मुलगी इंजिनिअर होऊन बंगलोरला गेली. सध्या माझ्या शेजारी एक निवृत्त डेंटिस्ट आहेत. त्यांचा बो उलटा जातो.

सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवताहेत, तेव्हा आवरतो. आज आम्ही त्या रचनेचा सुरुवातीचा भाग वाजवणार आहोत. चेलो आपल्याकडे नाही, ते आठ सूर सौ. पेटीवर वाजवेल. पहिलं आणि दुसरं व्हायोलिन ए विंगमधली दोघं भावंडं वाजवतील; ती दोन वर्षांपासून सरांकडे शिकताहेत. गच्चीवर चांदणं असलं तरी कागद दिसत नाही, म्हणून मोबाइलचा उजेड धरायला आमचे तेव्हाचे तक्रारदार शेजारी आपणहून तयार झाले आहेत.

आणि एक विनंती. पहिली तीन आवर्तनं मी नुसता उभा असेन. काका विसरले असं समजून कृपया कुणी खुणा करू नका, मी मोजत असेन.