कात्रज ते सिंहगड: पाणी किती घ्यायचं?

तर मंडळी, आज के-टू-एस. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून धारेवर चढायचं, एकामागून एक टेकड्या पार करत सिंहगडाच्या घाटरस्त्याला उतरायचं. अंतर साधारण १५ किलोमीटर. पहिल्यांदा मी रस्त्यावरच्या पेसनेच हिशेब केला (इंजिनिअर ना!) आणि १ लिटर पाणी घेतलं. अर्ध्यातच बाटली रिकामी. धारेवर ना पाणी, ना सावली. खाली खडकवासल्याचं धरण मात्र मस्त चमकत होतं! चढाला दम लागतो, पण माणूस घसरतो उतारावर, मुरमाड घसाऱ्यात. त्यात तहानेने पाय लटपटत असतील तर संपलंच. मी दोनदा आपटलो. आता ३ लिटर नेतो. निम्म्या वाटेआधीच निम्मं संपलं, तर सरळ मागे फिरतो. मागच्याच रविवारी फिरलो.