आधी निर्णय, मग इतिहास



पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्झबी. तिच्या वायव्येस कॉशन बे हा उपसागर आहे. डोंगराळ अंतर्भागातून नळाने येणारा नैसर्गिक वायू द्रवरूप करून परदेशी धाडण्याचा प्रकल्प एक्झॉन-मोबिलच्या नेतृत्वाखाली येथे उभारण्याचे ठरले. जागा मुक्रर झाली. यंत्रे येण्यापूर्वी, २००९-१० मध्ये, ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी तेथे शंभरावर स्थळांचे उत्खनन केले.

दातेरी ठशांच्या नक्षीची खापरे हाती आली. ती लापिता संस्कृतीची होती. सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी बिस्मार्क बेटांवर दिसू लागलेले हे दर्यावर्दी लोक पुढे टोंगा-सामोआपर्यंत पोचले. न्यू गिनीच्या दक्षिण किनाऱ्यावर मात्र मडकी अवघ्या दोन हजार वर्षांपूर्वी आली, असा समज होता. कॉशन बेची खापरे सुमारे २,९०० वर्षांची निघाली. त्यांच्याखालीही वस्तीचे थर होते. म्हणजे दर्यावर्दी आले तेव्हा किनारा निर्जन नव्हता.

ओसाड जमीन आणि इतिहासहीन रहिवासी, ही वसाहतवादाची जुनी सबब या खापरांनी खोडून काढली आहे. याच किनाऱ्यावरील मोतू स्त्रिया मडकी घडवीत आणि पुरुष ती मोठ्या शिडाच्या नावांतून दूरवर नेऊन साबुदाण्याच्या बदल्यात देत. श्रम, कौशल्य आणि विनिमय यांची ही परंपरा कोणा कंपनीने आणलेली नाही.

उत्खननाचा खर्च प्रकल्पातून झाला, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु जागा ठरल्यावर होणारे सर्वेक्षण काय उचलून ठेवायचे एवढेच सांगू शकते. कारखाना येथे असावा की नसावा, हे सांगण्याचा अधिकार त्यास उरत नाही. उत्खनन झालेले स्थळ पुन्हा खणता येत नाही, आणि भोवतालची जमीन तर प्रकल्पाखाली जाते. २०१४ साली वायूचे पहिले जहाज जपानकडे निघाले.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. सर्वेक्षण निर्णयाआधी व्हावे. त्याचा पैसा उद्योगाने द्यावा, पण नियंत्रण सार्वजनिक संस्थेचे असावे. अहवाल गावकऱ्यांच्या भाषेत त्यांच्यापुढे यावा आणि नकार देण्याचा हक्क त्यांना असावा. भूगर्भातील वायूवर जनतेचा हक्क सांगणाऱ्यांनी त्यावरील मातीत दडलेल्या इतिहासावरही तो तितक्याच ठामपणे सांगितला पाहिजे.