आपल्याच किनाऱ्यावर परके



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, तत्त्वज्ञान आणि अर्थकारण यांच्या पंक्तीला 'सुटी' हा विषय येऊन बसावा, हे काही श्रोत्यांना खटकेल. परंतु ज्याला वर्षातून आठ दिवसही घराबाहेर पडता येत नाही त्याला विचारा. विषय हलका नाही असे तोच सांगेल. १९३६ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने पगारी रजेचा करार संमत केला आणि त्याच वर्षी फ्रान्सने आपल्या कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली. विश्रांती ही चैन नसून हक्क आहे, ही गोष्ट तेव्हा मान्य झाली. तथापि रजा मिळणे निराळे आणि त्या रजेत जावयास जागा मिळणे निराळे. हा फरक पाहावयाचा असेल तर ग्रीस देशाकडे पाहावे.

ग्रीसची लोकसंख्या सुमारे १ कोटी ४ लाख. २०२४ साली तेथे साडेतीन कोटींहून अधिक परदेशी प्रवासी येऊन गेले. सांतोरिनी बेटाची कायम वस्ती पंधरा-सोळा हजारांची, आणि पाहुणे मात्र वर्षाला तीस लाखांच्या वर! आता दुसरी बाजू पाहा. पैशाअभावी वर्षातून एक आठवडाही सुटीवर जाता येत नाही अशी माणसे किती, याची मोजदाद युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय करते. अलीकडच्या वर्षांत ग्रीसमध्ये हे प्रमाण शंभरात चाळीसच्या वर राहिले आहे. सारे जग ज्या घरी जेवून जाते त्या घरची माणसे उपाशी, असा हा प्रकार आहे.

हे असे का व्हावे? २००९ नंतर ग्रीस कर्जाच्या संकटात सापडला. काही वर्षांतच राष्ट्रीय उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा नाहीसा झाला. पगार उतरले, निवृत्तिवेतने कापली गेली. तेथे खाजगी नोकराला उन्हाळी रजेसाठी अर्ध्या महिन्याचा जादा पगार देण्याची कायदेशीर रीत आहे, ती आजही टिकून आहे. पण २०२५ साली किमान मासिक वेतन ८८० युरो ठरले. त्याचे निम्मे म्हणजे ४४० युरो. चौघांचे कुटुंब आणि सोबत मोटार घेऊन पिरेअस बंदरातून एखाद्या बेटावर जावयाचे, तर या रकमेचा मोठा घास आगबोटच गिळून टाकते. मुक्कामाचा खर्च पुढेच उभा असतो. आणि खोलीचे भाडे अथेन्सच्या कारकुनाच्या पगारावर ठरत नाही. ते म्यूनिकच्या, लंडनच्या, न्यूयॉर्कच्या पगारावर ठरते. खोली एक, गिऱ्हाइके दोन. ज्याची थैली जड त्याला ती मिळते. यात खोलीवाल्याला दुष्ट म्हणण्याचे कारण नाही.

बरे, या माणसाने आडवेळी जावे म्हटले तर तेही जमत नाही. पंधरा ऑगस्ट हा तिकडे मेरीमातेचा मोठा सण. त्या सुमारास कामकाज थंडावते, अथेन्स ओस पडते. तिनोस बेटावर तर यात्रा भरते. नवस बोललेली माणसे बंदरापासून देवळापर्यंत गुडघ्यांवर रांगत जातात. आपल्या वारीची आठवण व्हावी असे हे दृश्य आहे. पण परदेशी पाहुण्यांचा भर आणि भाड्यांचा कळसही नेमका याच ऑगस्टातला.

ज्याचे गावी वडिलार्जित घर आहे तो अजूनही जातो, जसा मुंबईचा चाकरमानी गणपतीला कोकणात जातो. ज्याचे घर नाही तो शहरातच राहतो. शिवाय बेटांवरची घरे आता रोजच्या भाड्याने प्रवाशांना दिली जातात. बदलून आलेल्या शिक्षकाला आणि डॉक्टरला बिऱ्हाड मिळेनासे झाले आहे. म्हणजे प्रश्न सुटीपुरताही उरलेला नाही.

समुद्रकिनारा ग्रीसच्या कायद्याने सर्वांच्या वापराचा. तरी तो भाड्याच्या खुर्च्यांनी आणि छत्र्यांनी इतका व्यापला गेला की, २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरच्या लोकांनी नुसते टॉवेल घेऊन मोर्चा काढला. टॉवेल अंथरण्याएवढी वाळू द्या, एवढीच त्यांची मागणी! ती चळवळ इतर बेटांवर पसरली आणि २०२४ साली सरकारला किनाऱ्याचा निदान अर्धा भाग मोकळा ठेवण्याचा कायदा करावा लागला.

यावर कोणी म्हणेल, याच प्रवाशांनी ग्रीसला संकटात तारले नाही काय? तारले, हे खरेच आहे. इतर धंदे बसले तेव्हा याच धंद्याने अनेकांच्या चुली पेटत्या ठेवल्या. आणि येणारा जर्मन कारकूनही वर्षभर राबूनच आपले आठ दिवस कमावतो. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की, सगळ्या जागा लिलावात काढावयाच्या काय?

आपल्याकडे वेरूळ-अजिंठ्यास भारतीयांना तिकीट स्वस्त आणि परदेशी पाहुण्यांना महाग असते. ग्रीसला युरोपीय संघाच्या नागरिकांत राष्ट्रीयत्वावरून असा भेद करता येत नाही. तेथील सरकार कमी उत्पन्नाच्या लोकांना मुक्कामाच्या खर्चात मदत देते. जुलै २०२५ पासून सांतोरिनी आणि मिकोनोस येथे उतरणाऱ्या जहाजी प्रवाशांवर भर हंगामात माणशी २० युरो कर बसला आहे. हे उपाय चांगले आहेत, पण अपुरे आहेत. जागा तेवढ्याच राहिल्या तर मदतीचा पैसाही शेवटी वाढलेल्या भाड्यातच जिरतो. म्हणून काही जागा बाजाराबाहेर राखल्या पाहिजेत.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या पूर्वजांनी तीर्थाच्या ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, त्या याच जाणिवेने. आलेल्या माणसाला त्याची थैली न तपासता पाठ टेकावयास जागा मिळावी, एवढाच त्यांचा हेतू. आज मे महिन्यात कोकणात, महाबळेश्वरी किंवा गोव्यात खोलीचे दर विचारणाऱ्या मध्यमवर्गीय गृहस्थाला या दूरच्या ग्रीसची गोष्ट फार दूरची वाटणार नाही. मूल आपला देश भूगोलाच्या पुस्तकातून शिकते ते परीक्षेपुरते. आईबापांचे बोट धरून ते ज्या वाळूत खेळते, तो देश त्याचा होतो. ज्या मुलाला हा अनुभव कधीच मिळाला नाही, त्याला देशावर प्रेम कर असे आपण कोणत्या तोंडाने सांगावयाचे? नगरपालिका, सहकारी संस्था, देवस्थाने यांनी साध्या, स्वच्छ आणि परवडणाऱ्या निवासांचा विचार आताच करावा, अशी माझी विनंती आहे. किनारा हातचा गेल्यावर टॉवेल घेऊन निघण्यापेक्षा ते पुष्कळ सोपे आहे.