पूर्वींची सर नाहीं



आजच्या भाषणाचा विषय मला माझ्या नातवानें दिला. २०२४ सालीं मे महिन्याच्या सुट्टींत तो मुंबईहून आमच्याकडे मालवणास आला होता. एके दुपारीं पडवींत बसून तो एका मित्राशीं दूरध्वनीवर तावातावानें वाद घालीत होता. भांडण कशाचें, तर ‘ग्रीन डे’ नांवाच्या तिघां अमेरिकन वादकांच्या मंडळीनें त्याच वर्षीं जानेवारींत ‘सेव्हियर्स’ हा नव्या गाण्यांचा अल्बम प्रसिद्ध केला होता. हे तिघेहि गृहस्थ आतां पन्नाशी ओलांडलेले. मित्राचें मत असें, कीं गाणीं ठीक आहेत, परंतु १९९४ च्या ‘डूकी’ची सर त्यांना नाहीं. नातवाला तें मुळींच मान्य नव्हतें. मौज ही, कीं तो ‘डूकी’ निघाला त्या वेळीं या दोघां वादपटूंचा जन्महि झालेला नव्हता!

पंक रॉक या संगीतांत मला गति नाहीं. नातवानें समजावून दिलें तें एवढें, कीं १९७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क व लंडन येथील कांहीं तरुणांनीं, चार सोपे सूर, जलद लय आणि दोन-तीन मिनिटांचें गाणें एवढ्या भांडवलावर, त्या काळच्या लांबलचक व नटव्या संगीताविरुद्ध बंड पुकारलें. तें असो. परंतु ‘सर नाहीं’ हे दोन शब्द मात्र माझ्या चांगल्या ओळखीचे निघाले. ते मीं स्वतः अनेक वेळां उच्चारले आहेत. आणि एकदां तर असे उच्चारले, कीं त्याची रुखरुख अद्यापि गेलेली नाहीं.

असेंच एक बंड आमच्या किनाऱ्यावरच्या बोलीनेंहि केलें. १९८० सालीं, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वांत येण्याच्या आदल्या वर्षीं, गंगाराम गवाणकर यांचें ‘वस्त्रहरण’ हें नाटक रंगभूमीवर आलें. गांवकरी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचें नाटक करावयास निघतात आणि पदोपदीं त्यांची जी त्रेधा उडते, तीच या नाटकाची कथा. त्यांतील तात्या सरपंच म्हणजे मच्छिंद्र कांबळी. हे आमच्या मालवण तालुक्यांतील रेवंडी गांवचे. पुढें त्यांनीं आपल्या नाट्यसंस्थेला भद्रकाली हें नांव दिलें, तें त्या गांवच्या देवीचेंच.

त्या वेळीं मी नुकताच शिक्षक झालों होतों. मुलांच्या वहींतलें ‘खंय’ खोडून तेथें ‘कोठें’ लिहविणें हें माझें नित्यकर्म. तीच बोली मुंबईच्या रंगमंचावर राजरोस बोलली जाते हें ऐकून, आपण होऊन आपल्या गांवाचें हसें करून घेण्याचा हा प्रकार आहे, असें मला वाटलें. नाटक न पाहतांच मीं तसा निकाल देऊन टाकला होता. आरंभींच्या प्रयोगांना प्रतिसादहि बेताचाच होता, हें आज सांगितलें तर कोणास खरें वाटणार नाहीं. पुढें पु. ल. देशपांडे यांनीं नाटक पाहून पत्रानें मनमोकळी दाद दिली, तेव्हां कोठें त्याचें दैव फिरलें. मग मात्र त्याचे पांच हजारांहून अधिक प्रयोग झाले. मींहि तें पाहिलें, पोट धरधरून हसलों, आणि दुसऱ्या दिवसापासून मीच त्याचा कट्टर भक्त झालों.

भक्ताचें लक्षण असें, कीं देवाची मूर्ति थोडीहि बदललेली त्याला खपत नाहीं. कांबळी पुढें ‘पांडगो इलो रे बा इलो’, ‘घास रे रामा’, ‘येवा कोकण आपलाच आसा’ अशीं नवीं नवीं नाटकें घेऊन येत राहिले. आमच्याकडे नाटकाचा निकाल नाट्यगृहांत लागत नाहीं; तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं मासळीबाजारांत आणि चहाच्या दुकानांत लागतो. त्यांच्या अशाच एका नव्या नाटकाच्या दुसऱ्या दिवशीं मला विचारणा झाली, "मास्तरानू, कसा काय नाटक?" मीं चहाचा पेला खालीं ठेवून गंभीरपणें उत्तर दिलें, "वस्त्रहरणाची सर नाहीं." खरें सांगावयाचें, तर दुसरा अंक चालू असतांना माझें लक्ष समोर नव्हतेंच. तात्या सरपंच आतां येईल, मग येईल, म्हणून मी त्याचीच वाट पाहत होतों!

आमच्या शेजारी एक नाट्यवेडे गृहस्थ राहत. त्यांनीं माझ्या शब्दावर विसंबून त्या नाटकाचा पुढचा प्रयोग चुकविला. ३० सप्टेंबर २००७ रोजीं कांबळी वारले. ती वार्ता आली त्या संध्याकाळीं शेजारी कुंपणापाशीं उभे होते. ते एवढेंच म्हणाले, "मास्तरानू, तुमी सांगल्यात म्हणान मी तेवा गेलंय नाय. आता बघूचा खंय?" त्यांच्या बोलण्यांत रागाचा लवलेशहि नव्हता. माझ्याजवळ मात्र त्यावर कांहीं उत्तर नव्हतें.

त्या दिवसापासून मी एका गोष्टीचा विचार करीत आलों आहें. ज्या मापानें आपण नवी कृति मोजतों, तें माप एके काळीं स्वतःच नवें होतें, आणि पुष्कळ वेळां तेंहि असेंच नापास झालेलें होतें. नातवाच्या त्या ‘डूकी’चीच गोष्ट घ्या. बर्कली शहरांत स्वयंसेवकांनीं चालविलेल्या ज्या लहानशा मंचावर ही मंडळी वाढली, तेथें मोठ्या कंपनीशीं करार करणाऱ्यांस वाद्य वाजविण्यास मज्जाव असे. ‘डूकी’ मोठ्या कंपनीनें काढला, आणि तो मंच या मुलांना बंद झाला. हे विकले गेले, हे आतां आपले राहिले नाहींत, असें त्यांचे जुने चाहते बोलूं लागले. तीस वर्षें लोटलीं, आणि कालचा तो अपराधच आज आदर्श म्हणून पुढें केला जात आहे!

याचा अर्थ रसिकानें प्रत्येक नव्या कृतीपुढें मान तुकवावी, असा नव्हे. थकलेला कलावंत थकलेली कृतिहि देतो, आणि तिकिटाचे पैसे मोजणाराला तसें स्पष्ट बोलण्याचा अधिकार आहे. माझें म्हणणें इतकेंच, कीं ‘मला आवडलें नाहीं’ आणि ‘तें पूर्वींच्यासारखें नाहीं’ हीं दोन विधानें निराळीं आहेत. पहिलें विधान कृतीविषयींचें आहे. दुसऱ्यांत आपण बहुधा आपल्या गेलेल्या दिवसांचा शोक करीत असतों, आणि त्याचा दंड मात्र कलावंताकडून वसूल करतों. वस्त्रहरण पाहून हसलेला तो तरुण शिक्षक कांबळींनीं मला परत कोठून आणून द्यावा?

आमच्या वाडवडिलांना हें अधिक चांगलें कळत होतें, असें मला वाटतें. जत्रेच्या रात्रीं दशावतार उभा राहतो, त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान पुराणांतलें, सर्वांना पाठ असलेलें. परंतु संवाद त्या रात्रीं, त्या नटाच्या तोंडीं, जागच्या जागीं जन्मास येतात. म्हणून तोच राजा आणि तोच राक्षस पाहण्यास लोक वर्षानुवर्षें थंडींत घोंगडी पांघरून बसत आले. गेल्या वर्षींचें वाक्य यंदां कां आलें नाहीं, असें तेथें कोणी विचारीत नाहीं. यंदां तो काय बोलतो, इकडेच सर्वांचे कान लागलेले असतात.

असो. जावयाच्या आदल्या दिवशीं नातवानें मला विचारलें, "आजोबा, तुम्ही ऐकाल का एकदां?" त्यानें कानांवर यंत्र बसविलें आणि ‘सेव्हियर्स’ लावला. पहिल्या वेळीं मला सर्व गोंगाटच वाटला. मीं तो पुन्हां लावावयास सांगितला. दुसऱ्या वेळीं एका ठिकाणीं माझा पाय आपोआप ठेका धरूं लागलेला नातवानें पाहिला, आणि तो हसला. मत मात्र मीं त्याला अद्यापि कळविलेलें नाहीं. आणखी एकदां ऐकावें म्हणतों.