कानाला अचानक दडा बसला, तर वाट पाहू नका

नागपूरच्या प्रताप नगरातून मी, बचत गटांची समन्वयक, बोलते आहे. आज हप्ते आणि व्याजाचा हिशेब बाजूला ठेवू आणि आपल्या कानाबद्दल बोलू.

सर्दी झाली की कानाला दडा बसतो, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून एखाद्या सकाळी एका कानानं ऐकू येईना, आत शिटी वाजल्यासारखं किंवा रातकिडे ओरडल्यासारखं वाटू लागलं, तरी आपण म्हणतो, "निघेल दोन दिवसांत." दुसऱ्या कानानं ऐकू येत असतं, कामं अडत नाहीत. पुष्कळदा दुखतही नाही. मग बाई कोणाला सांगतच नाही. इथंच घात होतो.

आपल्या कानाच्या अगदी आत गोगलगाईच्या शंखासारखा एक छोटा भाग असतो. आलेला आवाज तो नसेमार्फत मेंदूकडे पाठवतो. कधी कधी हा भाग किंवा ती नस अचानक दुखावते आणि तीन दिवसांच्या आत ऐकू येणं एकदम कमी होतं. बहुतेक वेळा हे एकाच कानाला होतं. काहींना गरगरतंही. पुष्कळदा नेमकं कारण सापडत नाही. गायिका अलका याज्ञिक यांनी जून 2024 मध्ये स्वतःच सांगितलं, की विमानातून उतरल्यावर त्यांना अचानक ऐकू येईना. विषाणूमुळे नस दुखावल्याचं निदान झालं. म्हणजे हे कोणालाही होऊ शकतं.

यावर औषध आहे, पण त्याला वेळेची मर्यादा आहे. डॉक्टर बहुधा स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, कधी पडद्याआड इंजेक्शन देतात. पहिल्या दोन आठवड्यांत, त्यातही जितक्या लवकर सुरुवात होईल, तितकी ऐकू परत येण्याची आशा जास्त. काहींचं आपोआप बरं होतं, पण ते कोणाचं होईल हे आधी सांगता येत नाही.

म्हणून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे हा विभाग आहे. लांबच्या गावची असाल तर आशाताईंना विचारा, ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घ्या. डॉक्टरांना नुसतं "कान बंद आहे" म्हणू नका. "अमक्या दिवसापासून एका कानानं अचानक ऐकू येत नाही," असं सांगा आणि ऐकण्याची मशीनवरची तपासणी करायची का, ते विचारा. साखरेचा आजार असेल तर तो आधी सांगा, कारण स्टिरॉइडनं साखर वाढते. नंतर नसेवर गाठ नाही ना, हे पाहायला एमआरआय सांगितला तर घाबरू नका; तशी गाठ क्वचितच निघते.

कानात गरम तेल, लसणाचं तेल घालू नका, काडी-पिन फिरवू नका. तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं, दुखणं असतं पलीकडे. मात्र ऐकू न येण्यासोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले, तर लगेच 108 ला फोन करा.

शंका असेल तर फोन आधी एका कानाला, मग दुसऱ्या कानाला लावून पाहा. फरक लगेच कळतो.

आता गटाचं काम. गाडीभाड्याला आणि तपासणीला पैसे नाहीत म्हणून बाई थांबते. पुढच्या मासिक बैठकीपर्यंत हे दुखणं थांबत नाही. अशा वेळी अध्यक्ष, सचिवांनी बैठकीची वाट न पाहता कर्ज कसं द्यायचं, याचा ठराव आजच करून ठेवा. आणि एखादी मैत्रीण सारखी "काय म्हणालीस?" विचारू लागली, तर हसू नका. "कधीपासून गं?" एवढं विचारा, आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.